तीनदा लाल, पांढरा एकदाही नाही

समजा, तुम्ही एका नाट्यगृहात बसला आहात आणि दिवे गेले आहेत. अंधार इतका दाट, की नाकासमोर धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही. अशा वेळी समोरच्या माणसाच्या नाकावर तुम्हाला नेमकं बोट टेकवायचं आहे. काय कराल? हात पुढे करून थोडं चाचपडाल. कपाळ लागलं, गाल लागला, तर नाक सापडेल. आणि हाताला काहीच लागलं नाही तर?

हा प्रश्न डोक्यात राहू द्या. उत्तराची घाई नाही. आता गोष्ट ऐका.

सकाळी आठ वाजता वहिनींच्या दाराची घंटी वाजली आणि वाजतच राहिली. भाऊजींनी दार उघडलं. बाहेर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उभी होती. तिचं बोट अजून घंटीवरच होतं.

"ऐकू आलं," भाऊजी म्हणाले. "आता सोड."

वहिनी खाजगी तपासाची कामं करत. त्याआधी वीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. बंद पडलेल्या वस्तूपुढे न चिडता बसून राहायची सवय त्यांना तिथेच लागली. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. नकाशे छापणाऱ्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते वही घेऊन वहिनींबरोबर हिंडत, दिसेल ते टिपत आणि त्यातून निष्कर्ष काढत. निष्कर्ष बहुतेक चुकत. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे.

"माझ्या बाबांना चोर म्हणालेत," मुलगी आत येत म्हणाली. "दोनशे माणसांसमोर. माइकवरून. कॅमेरापण ठेवून घेतलाय. बारा वाजेपर्यंत बाहुली आणून द्या, नाहीतर पोलिसांत देतो म्हणाले. बाबांकडे बाहुली नाहीच आहे, तर ते आणणार कुठून?"

"आधी बस," वहिनी म्हणाल्या. "तुला काय म्हणतात?"

"घरी बटण म्हणतात. लहानपणी बाबांच्या कॅमेऱ्याचं बटण दिसलं की मी दाबायचे."

"सवय टिकली आहे," भाऊजी घंटीकडे बघत म्हणाले.

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या. "आणि मधे श्वास घे."

बटणने दोनदा श्वास घेतला आणि सांगितलं ते असं.

तिचे बाबा समारंभांचे फोटो काढत. काल संध्याकाळी ते बाहुल्यांच्या नाट्यगृहात कामावर होते. तिथली सगळ्यात जुनी बाहुली, एक लाकडी विदूषक, काल संग्रहालयाच्या स्वाधीन करायची होती. त्यासाठी मालकांनी एक प्रसंग बसवला होता. रंगमंचाच्या मधोमध एक स्टूल. त्यावर काळ्या कापडाने झाकलेला विदूषक. सगळे दिवे घालवायचे. अंधारातच विंगेतून दोरा ओढून कापड काढून घ्यायचं. मग घंटी वाजली की बाबांनी फ्लॅश टाकून एक फोटो काढायचा, ज्यात काळोखात फक्त विदूषक दिसेल. आणि शेवटी वरून झोत पाडून तो लोकांना दाखवायचा.

"दिवे गेले," बटण म्हणाली. "घंटी वाजली. बाबांच्या फ्लॅशमधून लाल उजेड आला. मग परत आला. मग परत. पांढरा आलाच नाही. आणि झोत पडला तर स्टूल रिकामं."

भाऊजींनी वहीत लिहिलं आणि मान वर केली. "तीनदा लाल. म्हणजे कोणाला तरी खूण केली."

"दिवेवाले काका हेच म्हणाले. माइकवरून."

भाऊजींनी शेवटचं वाक्य खोडलं.

"लोकांच्या झडत्या घेतल्या?" वहिनींनी विचारलं.

"दारातच. सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या. काही मिळालं नाही. तरी सगळे बाबांकडेच बघत होते. अंधारात रंगमंचावर बाबा एकटेच होते ना. पुढच्या आठवड्यातली दोन कामं होती, दोघांनी रात्रीच फोन करून नको म्हणून सांगितलं." ती थांबली. "बाबा काही बोलतच नाहीत. नुसतं म्हणतात, ऐनवेळी कॅमेऱ्याने दगा दिला."

वहिनींनी चप्पल पायात सरकवली. "चला भाऊजी. पेन्सिलीला टोक आहे ना?"

"दोन्ही बाजूंनी."

नाट्यगृह छोटं होतं. दोनशे खुर्च्या, पुढे हातभर उंचीचा रंगमंच, मागे छतापासून जमिनीपर्यंत काळा मखमली पडदा. भाऊजी रंगमंचावर चढले आणि फळी कुरकुरली. त्यांनी पाय उचलून दुसऱ्या फळीवर ठेवला. तीही कुरकुरली.

"वजन कमी करा म्हणतायत," वहिनी म्हणाल्या आणि स्वतः चढल्या. फळ्या त्यांच्यासाठीही कुरकुरल्या. मागून बटण धावत आली, तेव्हाही.

फोटोग्राफर पहिल्या रांगेत बसला होता. उंच, शांत माणूस. डोळ्यांवरून रात्रभर जागा असावा. मुलीला बघून तो उठला, पण रागावला नाही.

"मला एक समजावून सांगा," वहिनी म्हणाल्या. "तो लाल उजेड कशासाठी असतो?"

"फोकससाठी. कॅमेरा आपल्यासारखा माणूस किंवा बाहुली ओळखून फोकस धरत नाही. तो कड शोधतो. उजेड आणि सावली जिथे एकमेकांना लागतात, ती रेघ. ती स्पष्ट होईपर्यंत भिंग पुढे-मागे सरकवतो. अंधारात कड दिसतच नाही. म्हणून फ्लॅश आधी लाल रेघांची जाळी फेकतो. ती जवळच्या वस्तूवर पडली की कॅमेऱ्याला धरायला काहीतरी मिळतं. फोकस लागतो आणि मग पांढरा फ्लॅश पडतो."

"आणि धरायला काही मिळालंच नाही तर?"

"तर बटण दाबलं तरी फोटो निघत नाही. तसं मीच लावून ठेवलंय. बरेच जण लावत नाहीत, कसाही फोटो आला तर आला. मी धूसर फोटो कोणाला देत नाही." तो जरा थांबला. "काल धूसर निघाला असता तर बरं झालं असतं."

"आधी करून पाहिलं होतं?"

"काल सकाळीच. विदूषक स्टुलावर ठेवून, पूर्ण अंधार करून. पहिल्याच दाबात लागला. एकदा लाल, लगेच पांढरा."

"मी होते," बटण म्हणाली. "लाल रेघा त्याच्या नाकावरपण पडल्या होत्या."

"फ्लॅशची बॅटरी?"

"संध्याकाळी नवी घातली. दिवे जाण्याआधी झाकलेल्या विदूषकाचा फोटो काढला, तो नीट आला. अंधारात मी स्टुलापासून पाच पावलांवर उभा होतो, सकाळी होतो तिथेच. सकाळी लागलेला फोकस संध्याकाळी का लागला नाही, हे मला अजून कळलेलं नाही."

"फोटो दाखवाल?"

"कॅमेरा मालकांच्या कपाटात आहे."

"तो नंतर बघू," वहिनी म्हणाल्या.

दिवेवाल्याची खोली प्रेक्षागृहाच्या मागे, जिन्यावर होती. काच, बटणांच्या रांगा आणि एक माइक. दिवेवाला बारीक अंगाचा होता आणि बोलताना कमरेच्या किल्ल्या चाळवत होता.

"मी आकड्यांवर चालतो," तो म्हणाला. "दिवे घालवले की एकपासून मोजायला लागतो. चारला कापड ओढायचं. पाचला घंटी. सहाला फोटो. वीसला झोत. काल सगळं आकड्याबरहुकूम झालं."

"पहिला लाल उजेड कधी आला?"

"सहाला. मग दहाला, मग चौदाला. सकाळी एकदाच आला होता. म्हणून तर म्हणतो, खूण होती ती."

"अंधारात फळ्या वाजल्या?"

दिवेवाल्याने विचार केला. "नाही. त्या फळ्यांवरून उंदीर गेला तरी मला इथे ऐकू येतं."

"मग फोटोग्राफर स्टुलापर्यंत गेला कसा?"

"ते त्याला विचारा."

"आणि लगेच माइकवरून सांगायची घाई काय होती?"

किल्ल्या वाजायच्या थांबल्या. "बाई, अंधार मी केला होता. मी बोललो नसतो, तर लोकांनी वळून माझ्याकडेच बघितलं असतं."

"हे मात्र खरं बोललात," वहिनी म्हणाल्या.

जिना उतरताना भाऊजी कुजबुजले, "हाच. घाबरलाय बघा."

"आळ आपल्यावर येईल म्हणून घाबरलाय. चोरी केली म्हणून नाही."

संग्रहालयाच्या अधिकारीबाई दालनात बसून होत्या. शेजारी कापूस भरलेली एक लाकडी पेटी होती, विदूषकासाठी आणलेली. काल त्या पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसल्या होत्या.

"लाल उजेड तुम्हाला कुठे दिसला?" वहिनींनी विचारलं.

"फ्लॅशच्या तोंडाशी. आणि मागच्या पडद्यावर."

"पडद्यावर काय दिसलं?"

"रेघा. फिकट होत्या, पडद्याच्या चुण्यांवर तुटल्यासारख्या. मला वाटलं, हाही प्रसंगाचाच भाग असेल."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. तिथेच. आणि फ्लॅशही जागचा हलला नाही, हे मी रात्री सांगायला गेले होते. तेव्हा कोणी ऐकत नव्हतं."

भाऊजींनी लिहिलं, "पडद्यामागे साथीदार?" वहिनींनी ते वाचलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यामुळे भाऊजींनी तेही खोडलं.

मालक सत्तरीचे होते. हातात काठी, टेबलावर तक्रारीचा लिहून ठेवलेला कागद. ते घड्याळाकडे बघत बोलत होते.

"अंधारात मी विंगेत होतो. बाहुल्यांचे कपडे शिवणारी शिवणबाई माझ्या शेजारी. दोरा तिने ओढला. माझा हात तिच्या खांद्यावर होता, कारण अंधारात माझा तोल जातो. कापड आत आलं, मी घंटी वाजवली. ती तिथून हलली नाही, मी शपथेवर सांगेन."

"काही ऐकलंत?"

"टक् असं काहीतरी झालं. छत्री मिटताना होतं तसं. त्या कॅमेऱ्याचंच असणार."

"घंटीच्या आधी की नंतर?"

"आधी."

"भाऊजी, 'आधी' खाली रेघ मारा," वहिनी म्हणाल्या. "मालक, हा विदूषक कोणी केला?"

"शिवणबाईच्या नवऱ्याने. तीस वर्षं तो इथल्या बाहुल्या कोरत होता. विदूषकाला त्याने स्वतःचंच तोंड दिलं, गंमत म्हणून. तेच मोठं नाक, तीच हनुवटी. वर डावीकडे वाकलेली टोकदार टोपी. तो जाऊन सहा वर्षं झाली. आता रंग उडायला लागलाय. संग्रहालयात नीट राहील."

"शिवणबाईंचं काय म्हणणं पडलं?"

"तिचं काय म्हणणं असणार? बाहुली नाट्यगृहाची आहे."

वहिनींनी कपाटातला कॅमेरा मागितला. मालकांनी कुरकुरत काढून दिला. "पण हलवू नका इथून."

"पाहून होईपर्यंत याच टेबलावर राहील," वहिनी म्हणाल्या. "त्याआधी शिवणबाईंना भेटून येते."

शिवणघर रंगमंचाच्या मागे होतं. छताच्या आडव्या बांबूवर तीसेक बाहुल्या टांगलेल्या. शिपाई, कोल्हा, न्यायाधीश, राणी. भिंतीवर जुन्या खेळाचं रंगीत चित्र होतं. त्यात राणीचा झगा नगाऱ्यासारखा फुगलेला होता. बांबूवरच्या राणीचा झगा मात्र सरळ खाली लोंबत होता.

"राणीसाहेब वाळल्यात," भाऊजी म्हणाले.

शिवणबाई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर एक बाहुली पालथी घातलेली, आणि त्या तिच्या डोक्यावर राखाडी कुंची शिवत होत्या. टाके जाड दोऱ्याचे आणि अगदी जवळ जवळ होते.

"दुपारी तीनला खेळ आहे," त्या वर न बघता म्हणाल्या. "म्हातारी लागते त्यात. मालक म्हणाले, काही झालं तरी खेळ रद्द करायचा नाही."

"काल विदूषक स्टुलावर तुम्ही ठेवलात?"

"मीच. पडदा उघडायच्या आधी."

"तिथे नेऊन झाकलात?"

"इथूनच झाकून नेला. हात लागला की रंग निघतो त्याचा."

"ते कापड बघायला मिळेल?"

"धुवायला टाकलंय."

"रात्रीत?"

"फळ्यांवरून ओढलं गेलं ना. धूळ लागते."

बटण इतका वेळ दारात उभी होती. ती पुढे आली. "शिवणबाई, बाबा जागचे हलले नव्हते. तुम्ही सांगाल का मालकांना?"

"अंधारात कोणाला काय दिसतं, बाळ," शिवणबाई म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला. कात्री त्यांच्या गुडघ्याशीच पडली होती.

मालकांच्या खोलीत परत आल्यावर वहिनींनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन फोटो शोधले. एक काल सकाळचा, तालमीच्या आधीचा. दुसरा संध्याकाळचा, दिवे जाण्याआधीचा. दोन्हीत तेच स्टूल, तेच काळं कापड, आत झाकलेली आकृती. त्यांनी कॅमेरा बटणच्या हातात दिला.

"तुझे डोळे कोवळे आहेत. दोन्हींत वेगळं काय, सांग."

बटणने पुढचा फोटो आणला, मागचा आणला, परत पुढचा आणला. सगळे वाट बघत होते. वहिनींनी तिला वेळ दिला.

"सकाळी कापडाला डावीकडे टोक आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी नाही. संध्याकाळी डोकं नुसतं गोल आहे."

"टोपी काढली असेल," भाऊजी म्हणाले.

"टोपी डोक्यातूनच कोरलेली आहे," मालक म्हणाले. "ती निघत नाही." आणि मग त्यांनीही तो फोटो जवळ घेऊन पाहिला.

अकरा वाजता वहिनींनी सगळ्यांना प्रेक्षागृहात बोलावलं. अधिकारीबाई आपल्या कालच्या खुर्चीवर बसल्या. मालक आणि शिवणबाई रंगमंचाच्या कडेला. म्हातारीची बाहुली शिवणबाईंच्या मांडीवर होती, कारण कुंचीचे टाके अजून संपले नव्हते. दिवेवाला वर आपल्या खोलीत. फोटोग्राफर कालच्याच जागी, पाच पावलांवर.

"भाऊजी, तुम्ही स्टुलावर बसा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही विदूषक."

"यावर मी काही बोलत नाही," भाऊजी म्हणाले आणि बसले.

दिवे गेले. एक लाल चमक. लगेच पांढरा लोळ उठला आणि विझला. दिवे लागले तेव्हा भाऊजी डोळे चोळत होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते तोंड उघडं ठेवून, पण अगदी स्पष्ट उमटले होते. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.

"आता उठा. स्टूल रिकामं राहू द्या. दिवे घालवा."

अंधार झाला. लाल उजेड आला. मागच्या मखमली पडद्यावर फिकट रेघा उमटल्या, चुण्यांवर तुटलेल्या. कॅमेऱ्याचं भिंग घुर्र करून पुढे गेलं, मागे आलं आणि थांबलं. लाल उजेड परत आला. परत घुर्र. तिसऱ्यांदाही तेच. पांढरा उजेड आलाच नाही.

"हेच," अंधारातून अधिकारीबाईंचा आवाज आला. "काल अगदी हेच."

दिवे लागले. फोटोग्राफर हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत होता.

"कॅमेऱ्याने दगा दिला नव्हता," वहिनी म्हणाल्या. "तो चाचपडला, आणि त्याच्या हाताला काही लागलं नाही. विदूषक जागेवर असता तर रेघा त्याच्यावर पडल्या असत्या, सकाळी पडल्या तशा. त्या सरळ मागच्या पडद्यावर गेल्या. काळी मखमल उजेड पिऊन टाकते आणि ती लांबही आहे. तिथे कॅमेऱ्याला कड मिळणार कशी? म्हणजे पहिला लाल उजेड आला, तेव्हाच स्टूल रिकामं होतं."

"मग त्याच्या आधी कोणीतरी उचलला," दिवेवाला वरून म्हणाला.

"तुमच्याच आकड्यांनी मोजू. चारला कापड निघालं, सहाला लाल उजेड आला. मधे दोन आकडे. तेवढ्यात कोणीतरी स्टुलापर्यंत जायचं, विदूषक उचलायचा आणि परत फिरायचं. या फळ्यांवरून. आणि एकही फळी वाजली नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

वर किल्ल्या वाजल्या.

"म्हणजे कोणी चालत गेलंच नाही. मग अंधारात रंगमंचावरून हललं काय? फक्त कापड." वहिनींनी मालकांकडे पाहिलं. "आपण सगळे अंधारातला चोर शोधत होतो, म्हणून अंधारात जो मोकळा होता त्याच्यावर आळ आला. चोरी उजेडातच झाली होती. पडदा उघडला तेव्हा स्टुलावर विदूषक नव्हता."

"पण आम्ही सगळ्यांनी पाहिला," अधिकारीबाई म्हणाल्या.

"तुम्ही कापड पाहिलंत. आत काहीतरी असल्यासारखं उभं राहिलेलं कापड. विदूषक असता तर टोपीचं टोक दिसलं असतं, बटणला सकाळच्या फोटोत दिसलं तसं. संध्याकाळी आत कड्या होत्या. वेताच्या गोल कड्या, कापडालाच आतून शिवलेल्या. दोरा ओढला की कापडाबरोबर त्याही मिटून आत येणार. मालकांनी तो आवाज ऐकला. घंटीच्या आधी, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबायच्याही आधी."

"छत्री मिटल्यासारखा," मालक हळू म्हणाले.

"आणि अशा कड्या इथे एकाच ठिकाणी असतात. राणीच्या झग्यात. भाऊजी म्हणाले तशी ती वाळलेली नाही. तिच्या कड्या काढून घेतल्यात."

भाऊजींनी वही उघडली आणि ते वाक्य आपण लिहिलं होतं का, ते बघितलं. लिहिलं नव्हतं.

सगळे शिवणबाईंकडे बघत होते. त्यांची सुई थांबली होती.

"रात्री दारात सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या," वहिनी म्हणाल्या. "त्यामुळे विदूषक बाहेर गेला नाही. तीस बाहुल्यांच्या घरात एक बाहुली लपवायला कपाट कशाला हवं? वेगळे कपडे पुरतात. शिवणबाई, सकाळपासून तुम्ही त्या म्हातारीचं तोंड एकदाही वर केलेलं नाही. आणि कुंची इतकी घट्ट शिवताय, की ती पुन्हा काढायची नसावी."

मग शिवणबाईंनी कात्री घेतली आणि एक एक टाका उसवला. वेळ लागला. कुंची निघाली, तेव्हा आतून डावीकडे वाकलेली टोपी बाहेर आली. त्याखाली मोठं नाक, हनुवटी, गालांवरचा उडालेला रंग.

"ह्यांचं तोंड आहे हे," त्या म्हणाल्या. "फोटो काढून घ्यायचेच नाहीत कधी. दुसरं काही उरलेलं नाही माझ्याकडे. रोज सकाळी दिवा लावला की पहिलं हेच दिसतं. काचेआड ठेवलं की तिकीट काढून बघायला जायचं का मी?"

"मला सांगायचंस," मालक म्हणाले.

"विचारलंत?"

मालकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला वाटलं, चार दिवस शोधतील आणि विसरतील," शिवणबाई म्हणाल्या. "ह्या माणसावर येईल असं वाटलं नव्हतं."

"पण आलं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आल्यावरही तुम्ही गप्प होतात. आज सकाळी ही मुलगी तुमच्यासमोर उभी राहून विचारत होती, तेव्हाही."

"हो," शिवणबाई म्हणाल्या. त्या उठल्या, फोटोग्राफरपुढे गेल्या. "चूक माझी. तुमची काही नाही."

फोटोग्राफरने मान हलवली.

अधिकारीबाईंनी उठून कापसाच्या पेटीचं झाकण लावलं. "या दोघांचं एकमत होऊन दोन सह्या मिळाल्याशिवाय मी काही नेणार नाही," त्या म्हणाल्या. "पेटी रिकामी न्यायला मला जड नाही."

मालकांनी तक्रारीचा कागद फाडला. दिवेवाला जिना उतरून खाली आला होता आणि एका बाजूला किल्ल्या चाळवत उभा होता. भाऊजींनी वही मिटली. फोटोग्राफरने कॅमेरा गळ्यात अडकवला.

"चल बटण, घरी जाऊ," तो म्हणाला. "संपलं."

"नाही संपलं," बटण म्हणाली.

ती दिवेवाल्यापुढे जाऊन उभी राहिली. "काका, काल तुम्ही बाबांबद्दल माइकवरून सांगितलंत."

"चुकलंच ते, पोरी. माफ कर."

"मला नाही. दोनशे लोकांना सांगितलंत ना? आज तीनला किती येणार आहेत?"

दिवेवाल्याने मालकांकडे पाहिलं. "तिकिटं सगळी गेलीत."

"कालचे असतील त्यांत?"

"असतील पुष्कळ."

"मग खेळाच्या आधी सांगा. माइकवरूनच. आणि कालच्याएवढ्या मोठ्याने."

दिवेवाला परत मालकांकडे बघू लागला. मालकांनी होकाराची मान हलवली.

"बटण, तीनला अजून साडेतीन तास आहेत," तिचे बाबा म्हणाले.

बटणने पहिल्या रांगेतली मधली खुर्ची उघडली आणि हाताची घडी घालून बसली.